खोपेवाडीचे मणियार साहेब

खोपेवाडीचं पत्र आलं, तेव्हा फरजानाबाई मणियार यांना विधिमंडळ सचिवालयातून निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. तेहतीस वर्षं मुंबईत काढून नवरा-बायको जुन्या जालन्यातल्या माहेरच्या घरी राहायला आले होते. सामान अजून पुरतं लागलं नव्हतं. नवरा निजामोद्दीन जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, तो खिडक्यांचे पडदे शिवत बसला होता. पत्र आधी मुंबईच्या कचेरीत गेलं होतं आणि तिथल्या जुन्या सहकाऱ्यानं ते नव्या पत्त्यावर पाठवलं होतं.

पाकिटावर लिहिलं होतं, ‘मा. श्री. फ. नि. मणियार साहेब, कक्ष अधिकारी, विनंती अर्ज समिती.’ या ‘श्री’ची फरजानाबाईंना सवय होती. सही करताना त्या नुसतं ‘फ. नि. मणियार’ लिहीत, आणि पलीकडचा माणूस बाप्याच आहे असं जो तो समजून चाले.

पत्र एकाच पानाचं होतं. ‘साहेब, आमच्या नाल्यावरच्या पुलाला पाच वर्षं झाली. तुमचा सत्कार करायचं वस्तीनं ठरवलं आहे. तुम्ही आला नाहीत तर आम्ही मुंबईला येऊ. चाळीस माणसं होतील. आपला, राधाकिसन खोपे.’ खाली फोन नंबर होता.

फरजानाबाई हसल्या. मग चष्मा काढून त्यांनी तो पदरानं पुसला आणि पत्र परत एकदा वाचलं.

खोपेवाडी त्यांनी कधी पाहिली नव्हती, पण तिच्या नाल्याची रुंदी त्यांना पाठ होती. बारा वर्षांपूर्वी शाळेच्या वहीतून फाडलेल्या पानांवर नाल्यावर पूल मागणारा एक अर्ज समितीकडे आला होता. खाली त्र्याऐंशी सह्या आणि अंगठे. नियमातल्या नमुन्यात अर्ज नव्हता, त्यावर कुणा आमदाराची प्रतिस्वाक्षरी नव्हती, म्हणून लिपिकानं तो परत पाठवायच्या गठ्ठ्यात टाकला होता. फरजानाबाईंनी तो सहज उचलला. त्यात एक वाक्य होतं, ‘पावसाळ्याचे चार महिने आमच्या पोरी शाळेत दाखल असतात, पण हजर नसतात.’ त्या वाक्यापाशी त्या अडकल्या. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर त्यांनी अर्जाचा कोरा नमुना घेतला, कुठं काय लिहायचं, कुठं कुणाची सही लागते, हे सगळं पेन्सिलीनं त्यावर मांडलं आणि टपालानं खोपेवाडीला धाडून दिलं. महिनाभरात अर्ज नीट होऊन परत आला.

तिथून पुढं सात वर्षं गेली. बांधकाम खात्यानं कळवलं, वस्तीची लोकसंख्या निकषात बसत नाही. समितीनं फेरविचार करायला सांगितलं. खात्यानं तेच उत्तर नव्या तारखेनं पाठवलं. मध्येच समिती बदलली, नवे सदस्य आले, जुने अर्ज तळाला गेले. दर वेळी फरजानाबाई तो अर्ज तळातून काढत आणि बैठकीच्या विषयपत्रिकेवर आणून ठेवत. दर अधिवेशनानंतर खोपेवाडीला एक पत्र जाई, ‘आपला अर्ज प्रलंबित आहे. विसरलेला नाही.’

एकदा वरच्या साहेबांनी विचारलं होतं, “मणियारबाई, हे दुसरं वाक्य कुठल्या नियमात आहे?”

“नियमात नाही साहेब,” त्या म्हणाल्या होत्या, “पण खोटंही नाही.”

साहेबांनी सही करून टाकली.

शेवटी एका वर्षी खात्याच्या अधिकाऱ्यांची साक्ष लागली. अधिकारी ठासून सांगत होते की लोकांची काही गैरसोय नाही. फरजानाबाईंनी आधीच शाळेकडून चार वर्षांचं हजेरीपत्रक मागवून ठेवलं होतं. समितीप्रमुखांच्या मागच्या खुर्चीवरून त्यांनी एक चिठ्ठी पुढं सरकवली. प्रमुखांनी ती वाचली, चष्म्यावरून अधिकाऱ्यांकडं पाहिलं आणि विचारलं, “जुलै महिन्यात या वस्तीवरच्या किती मुली शाळेत असतात?” अधिकारी कागद चाळू लागले. प्रमुखांनी हजेरीपत्रक त्यांच्यापुढं ठेवलं. त्या दिवशी शिफारस झाली आणि पुढं पूल झाला.

मधल्या काळात समिती जागा पाहायला गेली, तेव्हा फरजानाबाई चिकुनगुन्यानं अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यामुळं पूल बघायचा राहिला तो राहिलाच.

“सत्कार नको म्हणून सांगा,” त्यांनी निजामोद्दीनला सांगितलं. “आम्ही पगार घेत होतो म्हणावं.”

निजामोद्दीन फोन घेऊन अंगणात गेला. दहा मिनिटांनी परत आला आणि सुईत दोरा ओवत म्हणाला, “बोल दिया. इतवार को जा रहे अपन.”

“मैं क्या बोली थी तुमको?”

“अगं, तो म्हातारा म्हणाला, साहेब, तुमचा आवाज ऐकला, आता डोळे मिटले तरी चालतंय. आता त्याला नाही कसं म्हणायचं?”

“आणि साहेब तुम्ही नाही, मी आहे, हे?”

“ते सांगायला त्यानं वेळच दिला नाही,” निजामोद्दीन म्हणाला, पण मिशीतल्या मिशीत हसत होता.

पूल बघायला मिळेल, एवढा एकच विचार फरजानाबाईंच्या मनात आला आणि त्यांनी होकार दिला.

रविवारी सकाळी दोघं एसटीनं तीर्थपुरीला उतरले. जानेवारीचं ऊन कोवळं होतं. स्टँडसमोर झेंडूच्या माळा लावलेली एक जीप उभी होती, आणि तिच्यापाशी पांढऱ्या शर्टातला तिशीचा एक माणूस येणारा-जाणारा न्याहाळत होता. हा राधाकिसनचा पुतण्या आदिनाथ. निजामोद्दीनची पांढरी दाढी आणि इस्त्रीचं जाकीट दिसताच तो धावत आला आणि वाकून पायाच पडला.

“या साहेब, तुम्ही पुढं बसा. बाईसाहेब, तुम्ही मागं बसता का? जरा पोतं सरकवतो.”

निजामोद्दीननं तोंड उघडलं. फरजानाबाईंनी त्याच्या कोपराला हळूच चिमटा काढला. भर स्टँडवर, चार लोकांत त्या पोराला खजील करणं त्यांच्या जिवावर आलं. शिवाय मागच्या खुर्चीची त्यांना तेहतीस वर्षांची सवय होती. त्या आरामात मागं बसल्या.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि ज्वारी होती. आदिनाथचं तोंड थांबत नव्हतं.

“साहेब, खरं सांगू का? आमाला वाटलं व्हतं ह्ये पत्र येनं बंद व्हनार. दोन सालानं सगळेच इसरतेत. पण तुमचं पत्र आलं की आमचा मोठा बाप, म्हंजी चुलता, मारुतीच्या पारावर बसून समद्याला वाचून दाखवायचा. इसरलेला न्हाई म्हनलं की बाया पदर डोळ्याला लावायच्या.”

“असं?” निजामोद्दीन म्हणाला.

“हाव. माही बायकू तर म्हनती, आसा शब्दाचा पक्का मानूस नवरा म्हनून भेटाया पाह्यजे व्हता.”

निजामोद्दीनला ठसका लागला. मागं फरजानाबाई खिडकीबाहेर तोंड करून हसत होत्या. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की डोळ्यांत पाणीही आलंय. आपल्याविषयी कुणी असं बोलतं हे त्यांनी आजवर कधी ऐकलं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी कचेरीत नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, भाषणंही झाली होती, पण ती सगळ्यांसाठी होतात तशीच झाली होती.

खोपेवाडी आली. चाळीसेक घरं, दारोदार सडा-रांगोळी, मारुतीच्या पारापुढं मंडप. जीप थांबताच हलगी कडाडली. सत्तरी ओलांडलेला, उंच, काटक राधाकिसन धोतराचा सोगा सावरत पुढं आला आणि त्यानं निजामोद्दीनला मिठीच मारली. माणसं भोवती जमली. कुणी हार घातला, कुणी गुलाल उधळला, आणि पाहता पाहता तो सगळा घोळका निजामोद्दीनला घेऊन मंडपाकडं निघाला. त्यानं मान वळवून बायकोकडं पाहिलं. तिनं हातानं ‘चला, मी आलेच’ अशी खूण केली.

फरजानाबाई तिथून सटकल्या. पूल मंडपाच्या मागं दोनशे पावलांवर होता.

तसा साधाच पूल. तीन गाळे, दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्यांचा कठडा, खाली हिवाळ्यातलं गुडघाभर पाणी आणि काळे गुळगुळीत दगड. त्या पुलावर गेल्या. कठड्यावरून हात फिरवला. खात्यानं आधी कठड्याशिवायचा बुटका फरशी पूल देऊ केला होता. पहिल्याच पुरात तो पाण्याखाली जाईल, हे त्यांनी टिपणीत तीनदा लिहिलं होतं. आता नळी हाताला गार लागत होती. त्या मधोमध उभ्या राहिल्या आणि टाचेनं पूल दोनदा ठोकून पाहिला, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

पलीकडच्या टोकाला उद्घाटनाची संगमरवरी पाटी होती. तिच्यावर बरीच नावं होती. पाटीखाली, सिमेंटच्या खांबावर, निळ्या रंगानं कुणीतरी हातानं लिहिलं होतं, ‘पाठपुरावा : फ. नि. मणियार साहेब, मुंबई.’ अक्षरं जरा तिरकी होती, शेवटच्या अक्षराला जागा पुरली नव्हती. फरजानाबाई त्या खांबापुढं कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

“काकू, तुम्ही इकडं एकट्याच? तिकडं कार्यक्रम सुरू व्हायलाय.”

मागं विशीतली एक मुलगी उभी होती. “मी अंजू. राधाकिसन माझे आजोबा. ते खांबावरचं मीच लिहिलंय. दहावीत होते तेव्हा. अक्षर वाकडं आलं.”

“चांगलं आलंय,” फरजानाबाई म्हणाल्या. “आता काय करतेस?”

“नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, जालन्याला. पूल मी दहावीत गेले त्या उन्हाळ्यात झाला. दहावीचं तेवढं एक वर्ष माझी हजेरी पूर्ण होती.”

फरजानाबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. “अंजू म्हणजे अंजू भागवत खोपे? हजेरी क्रमांक अकरा?”

“हो.” अंजू चपापली.

“चौथीत जुलैमध्ये तुझी हजेरी शून्य. ऑगस्टमध्ये दोन दिवस. पाचवीत जुलै शून्य, ऑगस्टही शून्य. मी विचार करत होते, त्या दोन दिवशी ही पोरगी नाला ओलांडून गेली तरी कशी.”

“बाबांनी खांद्यावर बसवून नेलं होतं,” अंजू हळू आवाजात म्हणाली. “पाणी त्यांच्या छातीपर्यंत होतं. मग आईनं परत कधी जाऊ दिलं नाही.” मग तिनं त्या खांबाकडं पाहिलं, परत फरजानाबाईंकडं पाहिलं. “काकू, हे तुम्हाला कसं माहीत?”

“तुमच्या शाळेचं हजेरीपत्रक मीच मागवलं होतं.”

“म्हणजे मणियार साहेब...”

“फरजाना निजामोद्दीन मणियार,” त्या म्हणाल्या. “तिकडं ज्यांना हार घालताय ते माझे यजमान. शिलाईचं काम करतात. फार चांगलं करतात.”

अंजूनं त्यांचा हात धरला आणि दोघी मंडपाकडं जवळजवळ पळतच निघाल्या.

तिकडं निजामोद्दीनचीही परीक्षा चालू होती. त्याला खुर्चीत बसवून तीर्थपुरीहून आणलेला माणूस फेटा बांधत होता. अर्धा फेटा बांधून झाला तेव्हा निजामोद्दीनला राहवेना. तो फेटेवाल्याचा हात धरून उठला, माइकपाशी गेला आणि सुटलेलं टोक हातात धरून म्हणाला, “भाऊ लोक, माफ करा. हा फेटा माझा न्हाई. मी मणियार आहे, पण ते मणियार मी न्हाई.”

हलगीवाला थांबला. राधाकिसनच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

“मंग ते कुठं हायेत?” त्यानं विचारलं.

“ह्या काय,” मंडपाच्या तोंडाशी अंजू म्हणाली. फरजानाबाईंना तिनं पुढं केलं. “आजोबा, साहेब ह्या आहेत. चौथीतली माझी हजेरी यांना तोंडपाठ आहे.”

सगळ्यांच्या माना वळल्या. पाच फुटांच्या आतबाहेरची, चष्मा लावलेली, साध्या सुती साडीतली एक बाई, धावल्यामुळं धाप लागलेली. सगळ्यात आधी हसली ती राधाकिसनची बायको, आसराबाई. बायकांच्या घोळक्यातून ती उठली आणि कमरेवर हात ठेवून नवऱ्याला म्हणाली, “मी म्हनत न्हवते का तुमाला? येवढं ध्यानात ठिवनारं मानूस बाप्या आसूच शकत न्हाई.”

मग मंडपच हसायला लागला. आदिनाथनं कपाळावर हात मारून घेतला. “बाईसाहेब, मी तुमाला पोत्यापाशी बसवलं व्हो.”

“तिथंच बसायची मला सवय आहे,” फरजानाबाई म्हणाल्या.

आता पंचाईत अशी होती की आणलेला सगळा आहेर पुरुषाचा होता. पॅन्ट-शर्टाचं कापड होतं, उपरणं होतं. आसराबाईनं दोन मिनिटांत निवाडा केला. कापड निजामोद्दीनला दिलं. त्यानं ते चिमटीत धरून पाहिलं आणि पसंतीची मान हलवली. तिनं घरातून ठेवणीतलं, घडी न मोडलेलं हिरवं लुगडं आणलं, नारळ आणि तांदूळ आणले.

“कुकू न्हाई लावत, माह्यत हाये मला,” ती फरजानाबाईंना म्हणाली. “तीर्थपुरीच्या बाजारात जनम गेला माहा. पन वटी भरू द्या. रिकाम्या पदरानं न्हाई जाऊ द्याची.”

“भरा की,” फरजानाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर पुढं केला.

राहिला फेटा. फेटेवाला बिचकत होता. अंजू म्हणाली, “आता नवरीसुद्धा फेटा बांधते मामा, बांधा तुम्ही.” निजामोद्दीनच्या डोक्यावरून सुटलेला तोच भगवा-केशरी फेटा फरजानाबाईंच्या डोक्यावर चढला, आणि राधाकिसननं स्वतः विणलेली काळी घोंगडी त्यांच्या खांद्यावर टाकली. घोंगडीला नव्या लोकरीचा वास होता.

मग राधाकिसननं पत्र्याचा एक डबा उघडला. त्यात एकोणीस पत्रं होती, एकावर एक, तारखेनं लावलेली. “बाई,” तो म्हणाला, “आमी मेंढरामागं फिरनारी मानसं. आमच्या दारात कुनी कागद घिऊन आला की आमाला भ्या वाटायचं. तुमचे कागद तेवढे आमी वाट बघून घेतले.” त्यानं डबा बंद केला. “आता तुमी बोला.”

फरजानाबाई माइकपुढं उभ्या राहिल्या.

“समितीच्या बैठकीत मला बोलता येत नसे,” त्या म्हणाल्या. “बोलणं सदस्यांचं. आम्ही मागं बसायचं, कागद पुढं द्यायचा. त्यामुळं मला भाषण येत नाही. पूल मी बांधला नाही. अर्ज तुम्ही केला. शिफारस सदस्यांनी केली. कष्ट गवंड्यांनी केले. मी फक्त तुमची फाइल खाली गेली की वर आणून ठेवायची.”

“तेच तर कुनी करत न्हाई ना,” राधाकिसन खालून म्हणाला.

या माणसाशी वाद घालता येणार नाही, हे फरजानाबाईंना कळलं. “मग घेते मी हा सत्कार,” त्या म्हणाल्या. “माझ्या मागं-पुढं बसणाऱ्या सगळ्यांच्या वतीनं घेते. टंकलेखकांच्या, शिपायांच्या. ते माझ्यासारखेच कुणाला दिसत नाहीत. आणि तुमचं त्या अर्जातलं वाक्य, दाखल असतात पण हजर नसतात, ते कुणी लिहिलं होतं?”

लोक एकमेकांकडं बघू लागले. राधाकिसन आसराबाईकडं बघत होता.

“मला कुठं लिवता येतं?” आसराबाई लाजून म्हणाली. “मी नुसतं बोलले. मास्तरानं लिवून घेतलं.”

“ते वाक्य नसतं, तर अर्ज त्याच दिवशी परत गेला असता,” फरजानाबाई म्हणाल्या. त्या खाली उतरल्या, आसराबाईपाशी गेल्या आणि खांद्यावरच्या घोंगडीचं अर्धं टोक त्यांनी तिच्या खांद्यावर टाकलं. टाळ्या पडल्या त्या बराच वेळ पडत राहिल्या. आसराबाई तोंडाला पदर लावून उभी होती.

जेवायला बाजरीच्या भाकरी, खीर आणि रस्सा होता. बोकड तीर्थपुरीच्या मुलाण्याकडूनच कापून आणलाय, हे आदिनाथनं तीनदा सांगितलं. पंगतीत फरजानाबाईंच्या भोवती पोरींचा गराडा पडला. एक आठवीतली, एक सहावीतली, एक अजून अंगणवाडीत जाणारी. प्रत्येकीला आपला हजेरी क्रमांक सांगायचा होता. फरजानाबाई प्रत्येकीला विचारत, “आणि जुलैत?” आणि प्रत्येक जणी ओरडून सांगत होती, “रोज जातो.”

ऊन कलल्यावर निरोपाची वेळ झाली. जीप पुलाच्या पलीकडं नेऊन उभी केली होती, कारण बाईंना पुलावरून वाजतगाजतच न्यायचं असं बायकांनी ठरवलं होतं. पुढं हलगी, मागं फेटा बांधलेल्या फरजानाबाई आणि आसराबाई, त्यांच्या मागं अख्खी वस्ती, आणि सगळ्यांत शेवटी कापडाचं पुडकं काखेत मारून निजामोद्दीन. पुलाच्या मध्यावर मिरवणूक पोचली आणि समोरून अंजूचा बाप भागवत मेंढरं घेऊन परत येताना दिसला. दोन-अडीचशे मेंढरं, आणि माघारी वळवायला जागा नाही.

“सरा, कडंला सरा,” कुणीतरी म्हणालं.

हलगी थांबली. सगळी माणसं कठड्याला पाठ लावून उभी राहिली आणि मधून मेंढरं वाहायला लागली. धूळ, घंटांचा आवाज, कोकरांचं बें-बें. एका कोकरानं फरजानाबाईंच्या साडीचा पदर तोंडात धरून ओढून पाहिला. आसराबाईनं त्याला हाकललं. भागवत जवळ आला तेव्हा अंजूनं ओरडून सांगितलं, “बाबा, ह्याच त्या.” मेंढरांच्या गर्दीत त्याला पाऊल टाकता येईना, म्हणून त्यानं तिथूनच काठी वर करून दोन्ही हात जोडले. फरजानाबाईंनी हात जोडले आणि मग कपाळाला लावले.

मेंढरं संपायला पाव तास लागला. कुणालाच घाई नव्हती.